पाऊण युनिटाची गाडी

यवतमाळ, १० मे

ती. सौ. वहिनीस,


तुम्ही पाठवलेली जाहिरात वाचली. ‘२०२२ची प्लग-इन हायब्रिड, सिंगल ओनर, चार्जिंगची कटकट नाही.’ प्लग-इन म्हणजे जिला भिंतीतल्या सॉकेटवरून वीज द्यावी लागते ती. मग चार्जिंगची कटकट नाही, हे कसं? शिवाय फोटोत उभी आहे ती मारुतीची ग्रँड विटारा. ही गाडी प्लग-इन नाही आणि कधी नव्हती. एजंट लबाडच असेल असं नाही, बऱ्याच विकणाऱ्यांनाही यातला फरक ठाऊक नसतो. दादाचं म्हणणं, बोनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला की गाडी कळते. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत ते खरंही असतं. हायब्रिडचं मात्र अर्धं दुखणं मागच्या सीटखाली नाहीतर डिकीत असतं, आणि ते आवाज करत नाही. म्हणून हे पत्र लांबणार.

हायब्रिड या एकाच बिल्ल्याखाली तीन जातींच्या गाड्या विकल्या जातात. पहिली माइल्ड. मारुतीनं २०१५ मध्ये डिझेल सियाझला ‘एसएचव्हीएस’ लावलं, ती ही जात. तिच्यातली छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, पण नुसत्या बॅटरीवर गाडी चालत नाही. दुसरी स्ट्राँग हायब्रिड. टोयोटाची कॅमरी हायब्रिड आपल्याकडे २०१३ मध्येच आली, पण मध्यमवर्गाच्या आवाक्यात ही जात आली ती २०२२ मध्ये: होंडा सिटी ई:एचईव्ही, टोयोटा हायरायडर, ग्रँड विटारा, आणि पाठोपाठ इनोव्हा हायक्रॉस. ही थोडं अंतर निव्वळ विजेवर कापते, पण वीज स्वतःच तयार करते, इंजिनातून आणि ब्रेक लावताना. तिसरी प्लग-इन. ती भारतात आली तीच करोडपतींसाठी. व्होल्वोची एक्ससी९० टी८ २०१६ मध्ये सव्वा कोटीला आली. २०२२च्या अखेरीस आलेल्या बीएमडब्ल्यू एक्सएमची किंमत होती २ कोटी ६० लाख.

फरक वीजबिलाच्या भाषेत चटकन कळतो. हायरायडर किंवा ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमधली बॅटरी ०.७६ किलोवॉट-तासाची, म्हणजे पाऊण युनिटाची. त्या पहिल्या एक्ससी९० टी८ची सव्वानऊ युनिटांची आणि एक्सएमची पंचवीस युनिटांच्या वर. पाऊण युनिटात गाडी गावाबाहेर जात नाही. ती वीज सिग्नलला, गर्दीत, उतारावर पुन्हापुन्हा भरते आणि रिकामी होते. म्हणून या बॅटरीचं काम आणि म्हातारपण प्लग-इनपेक्षा वेगळं असतं.

आता जाहिरातीतल्या गाडीकडे या. ग्रँड विटारा नावाच्याच दोन गाड्या आहेत. ‘स्मार्ट हायब्रिड’ ही माइल्ड. तिचं कंपनीनं सांगितलेलं अॅव्हरेज लिटरला २१.११ किलोमीटर. ‘इंटेलिजंट इलेक्ट्रिक हायब्रिड’ ही स्ट्राँग, तिचं २७.९७. हायरायडरमध्येही असेच दोन प्रकार आहेत. भावात लाखांचा फरक आणि बाहेरून जवळजवळ सारख्या, त्यामुळे फसगत इथेच होते. क्लच आणि हातानं टाकायचे गिअर असतील तर ती नक्की माइल्ड. ‘ईव्ही मोड’चं बटण असेल तर स्ट्राँग. आणि आरसीवरचा इंधनाचा रकाना वाचावा. एमपरिवहन अॅपवर नंबर टाकला की मालक कितवा, विमा कधीपर्यंत, पीयूसी आहे की नाही, हेही दिसतं. हायब्रिडला पीयूसी लागतेच. तिची नंबर प्लेटही पांढरी असते. हिरवी फक्त पूर्ण इलेक्ट्रिकला.

बॅटरीची धास्ती सगळ्यांना असते. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’नं २०११ मध्ये दोन लाख मैलांहून जास्त चाललेली २००२ची टोयोटा प्रियस आणून तपासली आणि तशाच नव्या गाडीच्या स्वतःच्या जुन्या चाचणीशी ताडून पाहिली. अॅव्हरेजमध्ये नाव घेण्यासारखा फरक नव्हता. अशा गाड्या बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाहीत आणि कधी पूर्ण उतरू देत नाहीत, मधल्या पट्ट्यातच खेळवतात, म्हणून ती टिकते. टोयोटा, मारुती आणि होंडा या तिघांनीही हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल तितकी वॉरंटी दिली आहे. २०२२ची गाडी त्या मुदतीत बसते. मात्र ती वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का, आणि एखादी सर्व्हिस चुकल्यामुळे बाद तर झालेली नाही ना, हे चासी नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्यावं. त्याच भेटीत बॅटरीची आरोग्य-तपासणी करून छापील अहवाल मागावा, आणि नवी बॅटरी केवढ्याला पडेल याचं कोटेशनही. भाव पाडताना तो कागद कामी येतो.

प्रियस ज्या हवेत तपासली, ती आपली नव्हे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकतो आणि लिथियम बॅटरीला उष्णतेइतका वैरी दुसरा नाही. म्हणून गाडी चार वर्षं कुठे उभी राहत होती, हा प्रश्न किलोमीटरच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा. पोर्चमध्ये की उघड्यावर? डॅशबोर्डचं प्लास्टिक, मागच्या काचेजवळचा ट्रे, दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्यात का, यावरून उत्तर मिळतं.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यातली. टोयोटाच्या अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी गार ठेवणारा पंखा केबिनमधलीच हवा ओढतो, आणि त्याची जाळी मागच्या सीटच्या बाजूला असते. जाळीमागे बारीक फिल्टर. वणी, पांढरकवडा, राळेगाव या भागांत जिनिंगच्या आवारात रोज उभी राहणारी गाडी असेल तर तिथे सरकीच्या धुळीबरोबर कापसाचं तूस जाऊन बसतं. जाळी काढायला दोन मिनिटं लागतात. मोबाइलचा दिवा लावून बघावं: फिल्टरवर राखाडी गादी जमली असेल, तर बॅटरी किती उन्हाळे गुदमरत चालली कुणास ठाऊक. फिल्टर चकचकीत नवा असेल, तर तो कधी आणि का बदलला, हे विचारावं.

उष्णतेनंतर पाणी. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत गाड्या बुडाल्या. त्याच वर्षी जुलैत आपल्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाचं हेलिकॉप्टर बोलवावं लागलं होतं. बुडालेल्या गाड्या विमा कंपनीकडून लिलावात जातात, धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. हायब्रिडची मोठी बॅटरी खालीच असते, पाणी आधी तिथेच शिरतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. टोकाला गढूळ रेषा असेल तर पाणी सीटपर्यंत आलं होतं. डिकीतला गालिचा उचलावा, स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवावं. सीटचे रूळ गंजलेत का, नारिंगी रंगाच्या जाड केबलींच्या टोकांना हिरवट बुरशी आहे का, हे दुरून बघावं. त्या केबलींना मात्र कुणालाही हात लावू देऊ नये; त्यात माणूस मारणारं व्होल्टेज असतं आणि आपल्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे त्याचे हातमोजेही नसतात.

चालवून पाहायला दुपारी दोनला जावं, विकणारा कितीही ‘सकाळी या’ म्हणाला तरी. बटण दाबल्यावर ‘रेडी’चा दिवा लागतो, इंजिन गप्प असतं. एसी पूर्ण लावून पंधरा मिनिटं गाडी उभीच ठेवावी. इंजिन अधूनमधून सुरू होईल, थोडं चालेल, बंद पडेल. हे बरोबर आहे. पण ते थांबायचंच नाव घेत नसेल, किंवा बॅटरीचा काटा बघता बघता तळाला जाऊन तितक्याच झपाट्यानं वर येत असेल, तर बॅटरी थकली आहे. मागचा पंखा घों घों करत असेल तर तीही तक्रारच. ब्रेक पॅड नवे दिसले म्हणून खूश होऊ नये. या गाड्यांत मोटरच बरंचसं ब्रेकिंग करते, त्यामुळे पॅड फारसे झिजत नाहीत आणि डिस्क न वापरल्यानं गंजतात.

पुढेमागे खरीच प्लग-इन समोर आली, तर हिशेब बदलतो. पहिल्या टी८ची विजेवरची मजल कागदावर चाळीस-बेचाळीस किलोमीटर. दारव्हा ते यवतमाळ साधारण तेवढंच, आणि एसी लावला की तेही नाही. म्हणजे परतीला पेट्रोल, नाहीतर यवतमाळात सॉकेट. रात्रभर भरून सकाळी इंजिन लागेपर्यंत चालवावी आणि किलोमीटर मोजावेत, ही तिची खरी परीक्षा. चार्जिंगची मूळ केबल मागावी. ब्रिटनमध्ये २०१८ साली कंपन्यांनी दिलेल्या प्लग-इन गाड्यांच्या डिकीत केबली वेष्टनातच सापडल्या होत्या. सवलतीपोटी गाड्या घेतल्या आणि पेट्रोलवरच पळवल्या. युरोपियन कमिशनच्या २०२४च्या अहवालातही प्लग-इनचा रस्त्यावरचा कार्बन कागदावरच्या साडेतीनपट निघाला, त्याचं एक मोठं कारण हेच. केबल कोरी असेल तर बॅटरी कमी वापरलेली, पण सगळं ओझं इंजिनानं वाहिलेलं. उलट, मालक फक्त विजेवर फिरत असेल तर टाकीत महिनोन्‌महिने तेच पेट्रोल; इथेनॉल ओलावा धरतं, म्हणून तेही चांगलं नाही. ऑइल किलोमीटरवर नाही, वर्षावर बदललं होतं का ते पाहावं. घरी पंधरा अँपिअरचा सॉकेट आणि पक्कं अर्थिंग हवं. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं नाही, तर केबलवरचा डबा लाल दिवा लावून बसतो आणि गाडी भरतच नाही. आणि बिघडली तर वर्कशॉप कुठल्या शहरात, ट्रेलरचं भाडं किती, हे आधीच विचारून ठेवावं.

कागदांचं थोडक्यात. गाडी एमएच पासिंगची असेल तर फॉर्म २९ आणि ३०. पांढरकवड्यावरून आदिलाबाद जवळ, म्हणून तेलंगणाच्या गाड्या स्वस्तात सांगितल्या जातात. त्यांना फॉर्म २८चा ना-हरकत दाखला लागतो आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्यानं भरावा लागतो, तो धरला की स्वस्ताई आटते. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. तुमच्या एजंटाकडे ते आहे का, विचारा. ई-चलन थकलेलं नसावं. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात पडेपर्यंत टोकनपलीकडे एक रुपया देऊ नका, आणि टोकनच्या पावतीवर ‘सर्व्हिस सेंटरचा बॅटरी अहवाल समाधानकारक असल्यास’ एवढं लिहून घ्या. एजंट सही करायला कां कूं करू लागला, तर मला लगेच फोन करा. नेरला एक हायरायडर विकायची आहे, तिचे सर्व्हिसचे कागद मी मागवले आहेत.

पोरांना आशीर्वाद, दादास सा. नमस्कार.

आपला,
धाकटा दीर