परवान्यावरचा रस्ता

प्रिय निनाद,


तुझा बेत वाचला. व्हाइट रिम रस्त्याची १०० मैलांची फेरी, म्हणजे १६० किलोमीटर, तू तीन दिवसांत सारखी वाटून मोकळा झालास. पुण्याहून सायकलने कोकण गाठणाऱ्या मुलाला ते जमेलही. पण कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानात मुक्काम पाय ठरवत नाहीत, परवाना ठरवतो. कोणत्या रात्री कोणता तळ, हे त्यावर आधीच लिहिलेलं असतं. दमलास म्हणून अलीकडेच तंबू ठोकता येत नाही, की अंगात जोर उरलाय म्हणून पुढच्या तळावर दुसऱ्याच्या जागेत घुसता येत नाही.

तेव्हा उलटीकडून सुरुवात कर. कोणत्या तारखांना कोणते तळ मोकळे आहेत ते रिक्रिएशन डॉट गव्हवर बघ आणि मग दिवस आख. माझं मत विचारशील तर तीन रात्री आणि चार दिवस: एअरपोर्ट, मर्फी, पोटॅटो बॉटम. पहिल्या दिवशी शेफर ट्रेलची वळणं उतरून गेलं की बराचसा सपाट रस्ता. दुसऱ्या दिवसाच्या शेवटी मर्फी हॉगबॅकचा खडा चढ. तिथे सायकल ढकलत नेलीस तरी कोणी हसणार नाही. हार्डस्क्रॅबलची टेकडी पोटॅटो बॉटमच्या पुढे आहे, म्हणजे ती सकाळी ताज्या दमाने गाठता येते. व्हाइट क्रॅकच्या तळाचा हट्ट मात्र धरू नकोस. तिथे जागा एकच आणि तिच्यावर सगळ्यांचा डोळा.

महिना ऑक्टोबर. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो, आणि मे-जूनमध्ये बर्फ वितळून ग्रीन नदी फुगली की तिच्या काठचा रस्ता पाण्याखाली जाऊ शकतो.

आता पाणी. किल्ल्यावर टाकं असतंच, या भरवशावर तू वाढलास. इथे वाटेत पिण्याच्या पाण्याचा एक नळ नाही, आणि नदीचं पाणी गाळाने भरलेलं. माणशी रोज चार लिटर धर. तुम्ही तिघं आणि मी, चार दिवस: ६४ लिटर, म्हणजे ६४ किलो. हे सायकलींना बांधून नेण्याचा विचारसुद्धा करू नकोस. सोबत गाडी हवी, तीही जमिनीपासून उंच असलेली आणि लो रेंज फोर व्हील ड्राइव्हची. माझी घरची गाडी त्या नियमात बसत नाही, त्यामुळे मोआबमध्ये जीप भाड्याने घेऊ.

परवान्यांवर तू चिडलास ते कळलं. एका दिवसात फेरी मारणाऱ्या सायकलींनाही तो लागतो आणि रोज फक्त ५० मिळतात. पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी हरिश्चंद्रगडावर काय होतं ते तूच मला फोनवर सांगितलं होतंस ना? मला तरी हा आकडा पटतो. व्हाइट रिमचा हा रस्ता मुळात १९५०च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांसाठी काढलेला. युरेनियम फारसं हाती लागलं नाही, रस्ता राहिला, आणि १९६४ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. त्या काळच्या चाकोऱ्या काही ठिकाणी अजून भरलेल्या नाहीत, कारण रस्त्याकडेची ती काळसर, खरबरीत माती जिवंत आहे. सूक्ष्म जिवाणू, शेवाळ, दगडफूल यांनी मिळून धरलेली. एक पाऊल पडलं की सावरायला कित्येक वर्षं लागतात. फोटोसाठीसुद्धा रस्ता सोडायचा नाही, हे मित्रांना आत्ताच बजाव.

शेकोटीची स्वप्नंही गुंडाळून ठेव, लाकडं जाळायला बंदी आहे. पिठलं-भात गॅसवर करू.

तारखांचे दोन-तीन पर्याय रविवारपर्यंत कळव, परवाना काढताना ते हाताशी हवेत. त्या तुझ्या मित्राला आपला कुत्रा आणायचा असेल तर त्याला स्पष्ट नाही म्हण. कुत्रा गाडीत बसून राहिला तरी तिथे चालत नाही. जीप मी चालवेन. मात्र पावसाने शेफरवर चिखल झाला असेल, तर परवाना हातात असला तरी मी गाडी खाली उतरवणार नाही, आणि त्यावर वाद घालायचा नाही.

तुझी,
आत्या