शांत दिसणारा डोळा

आमच्या सौ.च्या डोळ्यांची चौकशी करणारे फोन सारखे येतात. फोनवर काहीतरी सांगायचे राहूनच जाते, म्हणून एकदाच इथे लिहितो.

तिच्या आजाराला युव्हायटिस म्हणतात. डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाच्या आत एक काळसर थर असतो. लॅटिनमधल्या द्राक्षाच्या शब्दावरून त्याचे नाव पडले. सोललेल्या काळ्या द्राक्षाची उपमा आम्हा निरवांगीकरांना लगेच पटावी, कारण तालुक्यात द्राक्षबागा आहेतच. या थराचा दाह होतो. औषध थांबवल्यावर तो तीन महिन्यांच्या आत पुन्हा उलटला, तर आजार जुनाट समजतात. कारण कधी क्षयरोग, कधी संधिवाताचा प्रकार, आणि पुष्कळदा काहीच सापडत नाही.

यात फसवे असे की डोळा वरून शांत दिसतो. गेल्या दिवाळीत तिचा डोळा ना लाल होता, ना दुखत होता. अक्षरे जरा पुसट दिसत, ते तिने वयावर ढकलले. "आता कशाला पुण्याच्या खेपा?" असा तिचा सूर. तरीही गेलो.

तिथे ओसीटी केली. ही पद्धत १९९१ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम मांडली. सोनोग्राफीत ध्वनिलहरी वापरतात, इथे प्रकाश. सुई नाही, दुखणे नाही. हनुवटी टेकवायची आणि समोरच्या खुणेकडे बघायचे. डोळ्याच्या पडद्याचा उभा छेद संगणकावर थर न् थर दिसतो.

डॉक्टरांनी आम्हालाही दाखवला. ज्या मधल्या भागाने आपण वाचतो, तिथेच पाण्याचे काळे फुगे. जाडी ४१० मायक्रॉन! एरवी ती साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे अडीचशेच्या आसपास असते.

औषधे वाढवली. चार महिन्यांनी तीच जागा पुन्हा मोजली, २९५. फुगे जवळजवळ गेले. अक्षरे मात्र पूर्वीइतकी स्पष्ट झाली नाहीत. सूज फार दिवस राहिली तर काही नुकसान कायमचे राहते, असे डॉक्टर म्हणाले.

म्हणून नातेवाइकांना एवढेच सांगणे: स्टेरॉइडचे थेंब मनाने चालू करू नका, मनाने बंदही करू नका. त्यांनी डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदूही होतो. गप्प बसलेल्या मुलाला धडा समजला असे कोणताही शिक्षक धरून चालत नाही. विचारून बघावे लागते. डोळ्याचेही तसेच.

पुढची तारीख आषाढीनंतरची आहे. आकडा कळवीन.