स्कूटरची किल्ली

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सांगावी की नको, यात सहा महिने गेले.

कोल्हापूरचं रिसेप्शन आटोपून मी आणि पुतण्या रात्री बेळगावला निघालो होतो. कागल गेलं, दूधगंगेचा पूल ओलांडून कर्नाटकात आलो, तर निपाणीच्या अलीकडे बॅरिकेड. पोलिसानं पुतण्यासमोर यंत्र धरलं. "ऊद्री सर, जोरात फुंकायचं." नळी नवी, त्याच्यादेखत पाकिटातून काढलेली. आकडा आला ४८.

कायद्यात मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. मोटार वाहन कायद्याचं १८५ कलम. पहिल्या वेळी १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. २०१९ च्या आधी हाच दंड २,००० पर्यंत होता. पैसे तिथं घेत नाहीत, कोर्टात भरायचे. बँकेत जन्म गेल्यामुळे असले आकडे माझ्या डोक्यात राहतात.

पुतण्या हळूच म्हणाला, "काका, तुमची शुगर उतरलीय, दवाखान्यात नेतोय म्हणून सांगा की. म्हाताऱ्या माणसाला बघून सोडतील."

मी गप्प बसलो. कारण असलं खोटं मी एकदा बोललोय, तेही लिहून, सहीनिशी.

१९८३ साल. मी निपाणी शाखेत होतो. आमच्या हेड कॅशियरचं प्रमोशन झालं. मोठा गुणी माणूस, कॅशमध्ये कधी रुपयाचा फरक नाही. ढाब्यावर पार्टी झाली. त्याला संकेश्वरला जायचं होतं. त्याची बजाज स्कूटर संध्याकाळी मी कामाला नेली होती, त्यामुळे किल्ली माझ्या खिशात. उठताना त्याचा पाय जरा लटपटला. मी म्हटलं, "राहा की गा आज खोलीवर." तो हसला, हात पुढे केला. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. मी किल्ली दिली.

तवंदी घाटाच्या वळणावर तो सापडला, पहाटे.

तेव्हा रस्त्यावर यंत्रं कुठली? फौजदार 'हा कर' म्हणून तोंडाचा वास घ्यायचा, फार तर डॉक्टर सरळ रेषेत चालायला लावायचे, डोळ्यांच्या बाहुल्या बघायचे. मेलेल्या माणसाचं काय बघणार? अपघात विम्याचा माणूस मात्र चौकशीला आला, कारण प्यालेल्या माणसाचा क्लेम बसत नाही. मी लिहून दिलं, 'रात्री नऊपर्यंत मी त्यांच्यासोबत होतो. त्यांनी मद्य घेतलेले नव्हते.' पैसे मिळाले. दोन मुली होत्या, शिकल्या. थोरली अजून दिवाळीला फोन करते, "काका, तुमच्यामुळं" म्हणते. ते ऐकवत नाही. त्या सहीचं मला वाईट वाटत नाही हो, खरं सांगतो. किल्लीचं वाटतं. ती गोष्ट मात्र त्या घरात कुणाला ठाऊक नाही.

आणि बघा, कोल्हापूरला हॉलच्या मागं पुतण्याच्या हातात ग्लास मी पाहिला होता. एक नव्हे, तीन. तरी मुकाट्यानं गाडीत बसलो. लग्नघरात कशाला तमाशा, म्हणून.

पोलिसानं मला विचारलं, "आजोबा, खरं काय?" मी म्हटलं, "तीन घेतलेत. मी बघितलंय."

पुतण्यानं माझ्याकडे अशी मान वळवली की काय सांगू. कागद झाले, त्याचं लायसन्स घेतलं. मलाही फुंकायला लावलं, शून्य आलं. माझं लायसन्स उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "चालवता येतं ना रात्री?" मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दोन्ही डोळ्यांचं. येतं म्हटलं.

तवंदी घाटात मी तीसच्या वर गेलो नाही. मागून ट्रक हॉर्न मारत होते. त्या वळणाशी आता रस्ता रुंद झालाय, जागा नेमकी ओळखू येत नाही. तरी पाय आपोआप ब्रेकवर गेला. पुतण्या शेजारी जागा होता, बोलत नव्हता. संकेश्वर गेल्यावर म्हणाला, "काका, डिपर द्या, समोरच्याला त्रास होतोय."

दंड त्यानं भरला. माझ्याशी अजून नीट बोलत नाही. परवा त्याच्या बायकोचा फोन आला होता. त्याला एका लग्नाला जायचंय, किल्ली तिनं कपाटात ठेवलीय, द्यावी का विचारत होती. तो कुणाबरोबर जाणार, हे मी आधी विचारलं.