चिंगीची आंघोळ

मांजराला आंघोळ घालणाऱ्या माणसांना मी आजवर हसत आलोय. आमच्या टीममध्ये एक जण आहे, त्याच्याकडे पर्शियन मांजर. दर दुसऱ्या रविवारी शाम्पू, मग ड्रायर, मग कंगवा, आणि सोमवारी चहाच्या वेळी हातावरचे ओरखडे! "अरे, तिचं तिला येतं ते, तू कशाला मध्ये पडतोस?" हे मी त्याला किमान दहा वेळा तरी ऐकवलं असेल. (लांब केसांच्या मांजरांची गोष्ट थोडी वेगळी असते म्हणा. पण तेव्हा एवढा विचार कोण करतो.)

तर झालं असं, की मे महिन्यात सुट्टी टाकून मलकापूरला घरी गेलो होतो. महाराष्ट्र एक्सप्रेसनं सकाळी उतरलो, जेवलो आणि दुपारभर कूलरसमोर आडवा. संध्याकाळी अंगणातून आईचा आवाज, "बाप्पा बाप्पा! काय करून आली व माय हे!"

चिंगी दारात उभी. एरवी पांढरी-पिवळी, आता मागचा अर्धा भाग काळाकुळकुळीत. मुंबई-कोलकाता हायवेवरचं गाव, त्यामुळे आमच्याकडे गॅरेजना तोटा नाही. त्यातल्याच एका ठिकाणी जळक्या ऑइलची घमेली उघडी पडलेली असते, त्यात बाईसाहेब बसून आल्या होत्या.

आईनं लगेच बादली ओढली. "थांब, डेटॉल टाकते पाण्यात."

बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "कायले आंघोळ घालता? मांजर हाये ते. चाटून-पुसून होईन साफ."

चिंगी आमच्या घरात चार वर्षं आहे, पण बाबांच्या लेखी ती अजून 'ते मांजर'च. आणि खरं सांगू, मला बाबांचंच पटलं. मी त्या मित्राला दहा वेळा ऐकवलं ते याहून वेगळं काय होतं? तेवढ्यात चिंगी खाली बसली, मागचा पाय वर केला आणि चाटायला लागली. जीभ पार काळी. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

मित्राची ताई अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेत शिकलेली. तिला फोन लावला. "आधी टॉवेलात गुंडाळ तिला. चाटू देऊ नको. मग बोल."

गुंडाळलं. मग ताईनं जे सांगितलं ते ऐकून हातपाय गार पडले. ऑइल पोटात गेलं की त्रास होतोच, पण मांजराला उलटी झाली किंवा कुणी मुद्दाम करवली, तर ते फुफ्फुसात शिरतं, आणि मग न्यूमोनिया. रॉकेलनं पुसायचं तर नावच काढू नका. आणि डेटॉल? त्यातली फिनॉलच्या जातीची रसायनं पचवून बाहेर टाकायला लागणारं एन्झाइम मांजराच्या लिव्हरमध्ये जवळजवळ नसतंच. पॅरासिटामॉलची एक साधी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, त्याचंही कारण हेच. आईनं बाटली गुपचूप कपाटात परत ठेवली.

त्या जिभेबद्दल मी नंतर वाचलं. जॉर्जिया टेकमधल्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की मांजराच्या जिभेवरच्या काट्यांची टोकं पन्हाळीसारखी पोकळ असतात. त्यात लाळ भरते आणि केसांच्या मुळापर्यंत पोचते. काय डिझाइन आहे! फक्त या डिझाइनमध्ये कचऱ्याची वेगळी पेटी नाही. अंगावरचं जे निघतं, ते थेट पोटात. धूळमाती असेल तर ठीक, जळकं ऑइल असेल तर...

असो. आंघोळ.

आधी कोरड्या फडक्यानं जमेल तेवढं टिपून काढलं. मग ताईच्या सांगण्यावरून शेंगदाण्याचं तेल चोळलं, म्हणजे ऑइल सैल होतं. मग भांडी घासायचं लिक्विड, अगदी थोडं. आता प्रश्न पाण्याचा. आमचं बोअरचं पाणी खारं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा असा जो खारपाणपट्टा पसरलाय, त्याची कृपा. त्यात धड फेस होत नाही. आणि नळ काही आमच्याकडे रोज येत नाही. भरून ठेवलेल्या ड्रमला आई कुणाला हात लावू देत नाही, मला तर मुळीच नाही. त्यातल्या तीन बादल्या तिनं स्वतः काढून दिल्या. एक शब्द नाही! पाणी तापवायची गरजच नव्हती, मलकापूरचा मे महिना होता.

टबच्या तळाशी गोणपाट टाकलं, पाय घसरले की मांजर जास्त घाबरतं म्हणून. डोक्यावर पाणी नाही, कानात नाही, तोंड फक्त ओल्या फडक्यानं. हे सगळं मला तोंडपाठ झालं होतं. पण मांजर धरणार कोण? मी धरलं, ते साधारण चार सेकंद.

"सोड, तुले नाही जमत," बाबा पेपर ठेवून उठले. त्यांचं लहानपण गुराढोरांत गेलेलं. एक हात मानेमागे, एक छातीखाली, आणि बारीक आवाजात "हो व, हो व, झालं..." हा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. चिंगीनं आकाशपाताळ एक केलं, बाबांचं मनगट फाडलं, पण ते हलले नाहीत. चार वेळा धुतल्यावर पाणी स्वच्छ निघालं.

बाबांचं मनगट साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली धरलं. चिंगीला रेबीजची लस कधी दिलीच नव्हती. चार वर्षांत कुणाच्या डोक्यातही आलं नाही, माझ्यासुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना दवाखान्यात नेऊन पहिलं इंजेक्शन दिलं.

रात्रीचं काम एकच, श्वास मोजणं. झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला तीसच्या आत हवेत, खोकला किंवा धाप नको. मी मोबाइलवर टायमर लावून दर अर्ध्या तासाला मोजत होतो. अठ्ठावीस. सव्वीस. एकदा चौतीस आले तेव्हा ताईला रात्री एक वाजता उठवलं. ती म्हणाली, झोपलीय का जागी आहे ते बघ आधी. जागी होती, माझ्याकडेच बघत होती.

तीनच्या सुमारास मला डुलकी लागली. पाचला दचकून उठलो, तर बाबा खुर्ची ओढून चिंगीजवळ बसलेले. मनगटाला पट्टी, दुसऱ्या हातात घड्याळ.

"चोवीस," ते म्हणाले. "तू झोप."