बदली झाली, पण दोष कुठे गेला?

कोलकात्याच्या मैदानालगत, हुगळीच्या काठी फोर्ट विल्यम हा किल्ला आहे. लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय तिथे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे नाव बदलून विजय दुर्ग करण्यात आले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ती बातमी सर्वत्र झाली. सिंधुदुर्गातल्या आपल्या विजयदुर्गावरून हे नाव घेतले आहे. सेंट जॉर्ज गेटलाही आता शिवाजी गेट म्हणतात. मराठी माणसाला यात एक वेगळाच योगायोग दिसतो. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला, आणि तेही पेशव्यांच्या संमतीने. पुढच्याच जानेवारीत या दोघांनी कलकत्ता परत मिळवले आणि प्लासीनंतर क्लाइव्हने हा नवा किल्ला बांधायला घेतला. ज्या शहराने १७४२ मध्ये मराठ्यांच्या धास्तीने खंदक खणला, त्या शहरातील किल्ल्याला आज मराठी आरमाराच्या किल्ल्याचे नाव आहे. असो.

आजचा विषय मात्र इतिहासाचा नाही. विषय आहे एका जुन्या गाडीचा, आणि तिच्या निमित्ताने आपल्या कार्यालयांचा.

लष्करी वसाहतीत बदल्यांचा मोसम आला की घरसामान आणि गाड्या विकायला निघतात. केंद्र सरकारच्या नोकरीत असल्याने माझेही बिऱ्हाड सतत फिरते. २०२४ च्या उन्हाळ्यात, किल्ला अजून फोर्ट विल्यमच होता तेव्हा, तिथल्या एका मराठी मेजरसाहेबांची पंजाबात बदली झाली. त्यांची दहा वर्षांची, पुण्यात नोंदलेली, स्वयंचलित गिअरची पेट्रोल गाडी मी घेतली. त्यांनी काही लपवले नाही. "सर, चढावर आणि साठच्या आसपास गाडी थरथरते. गॅरेजवाले गिअरबॉक्स गेला म्हणतात. तुम्ही दाखवून घ्या, मी किंमत त्या हिशोबानेच सांगतोय," असे ते म्हणाले.

कागदांचे काम नियमांत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४८ प्रमाणे मूळ राज्याचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ राहिली तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. २०२१ मध्ये 'भारत' मालिका सुरू झाली आणि फिरतीवरच्या नोकरदारांचा हा त्रास बराच कमी झाला. कागद यथावकाश झाले. गाडीचा आजार मात्र कागदावर सुटणारा नव्हता.

पहिल्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली. त्यांनी एक फेरी मारली आणि संपूर्ण गिअरबॉक्स उतरवून नव्याने बांधण्याचा अंदाज दिला. तो खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. मी विचारले, "कशावरून?" उत्तर मिळाले, "ऑटोमॅटिकचं हे असंच असतं." प्रशासनात तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे उत्तर चांगलेच परिचयाचे आहे. 'अमुक शाखेचं हे असंच असतं' या एका वाक्यावर आपण कितीतरी माणसांची गोपनीय अहवालातील प्रतवारी ठरवतो.

मग मल्लिक बाजारातील एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. हा भाग जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी कोलकात्यात प्रसिद्ध आहे. मिस्त्रींनी हत्याराला हात न लावता आधी प्रश्न विचारले. इंजिन थंड असताना थरथरते की तापल्यावर? किती वेगाला? पाय हलका असताना की दाबल्यावर? गाडी उभी असताना काही जाणवते का? पावसात वाढते का? पंधरा मिनिटे हीच चौकशी चालली होती. तक्रार कधी आणि कोणत्या परिस्थितीत उद्भवते हे ठाऊक नसेल, तर पुढची सारी तपासणी अंदाजपंचे होते, असे त्यांचे म्हणणे.

त्यांनी नंतर जे केले ते मी क्रमाने सांगतो. परदेशी असलेल्या बऱ्याच वाचकांकडे अशा जुन्या स्वयंचलित गाड्या असतील, त्यांना उपयोग होईल.

प्रथम गिअरबॉक्सचे तेल. इंजिन गरम, चालू आणि गाडी सपाट जागेवर ठेवून, गिअरची दांडी सर्व स्थानांतून एकदा फिरवून ते पाहावे लागते. (काही गाड्यांत हे तेल पाहायची पट्टीच नसते, तिथे गाडी वर चढवून पाहतात. नेमकी रीत गाडीच्या पुस्तिकेत असते.) नवे तेल बहुधा लाल असते. काळपट तपकिरी आणि जळका वास असेल तर आतील क्लचच्या पट्ट्या झिजत आहेत असा संशय घ्यावा. गुलाबी दुधासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. रेडिएटरमधील तेल थंड करणारी नळी फुटली की असे होते. आमच्या गाडीचे तेल जुने होते, पण जळलेले नव्हते.

दुसरी पायरी संगणकाची. आपल्याकडे २०१० मध्ये भारत-४ मानके प्रथम तेरा शहरांत आली (त्यात कोलकाता होते आणि आपले सोलापूरही होते) आणि २०१३ पासून गाड्यांत दोष नोंदवणारी अधिक प्रगत यंत्रणा सक्तीची झाली. स्कॅनर जोडला की दोषांचे क्रमांक दिसतात. गिअरबॉक्सचे क्रमांक पी-०७०० पासून सुरू होतात. पी-०३०० म्हणजे इंजिनातील ठिणगी अधूनमधून चुकते आहे, आणि शेवटचा अंक सिलिंडर सांगतो. आमच्या गाडीत काहीच दिसले नाही. मिस्त्री हसले. पहिल्या गॅरेजने फेरी मारण्यापूर्वी दिवा विझवण्यासाठी जुनी नोंद पुसून टाकली होती. टिपणी न वाचता फाईल निकाली काढण्याचाच हा प्रकार! आता गाडी पुन्हा चालवून दोष उमटण्याची वाट पाहणे आले.

तिसरी पायरी मला सर्वांत आवडली. स्वयंचलित गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. हर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये या तत्त्वाचे पेटंट घेतले, तेही जहाजांसाठी. त्यात तेलाच्या प्रवाहाने शक्ती पुढे जाते. थोडी घसरण होतेच. ती टाळण्यासाठी ठरावीक वेगाला आतील एक क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो. हा क्लच बिघडला तर साठच्या आसपास गाडी थरथरते. आणि इंजिनातील एक ठिणगी चुकली तरी नेमकी तिथेच, तशीच थरथरते! लक्षण एकच, कारणे दोन. यांत फरक कसा करायचा? मागे गाडी नाही असे पाहून, वेग तसाच ठेवून, डाव्या पायाने ब्रेकला केवळ स्पर्श करायचा. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा दिवा लागताच तो क्लच सुटतो. थरथर तत्क्षणी थांबली तर संशय गिअरबॉक्सवर. चालूच राहिली तर इंजिन पाहा. विद्यासागर सेतूच्या चढावर मिस्त्रींनी स्वतः गाडी चालवत ही परीक्षा केली. थरथर चालूच राहिली, आणि त्याच फेरीत पी-०३०३ हा क्रमांक उमटला. म्हणजे तिसरा सिलिंडर.

आता सरळ तिसऱ्या सिलिंडरची कॉइल बदलता आली असती. मिस्त्रींनी ती बदलली नाही. त्यांनी तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर बसवली आणि पहिल्याची तिसऱ्यावर. मला म्हणाले, "साहेब, आता पाहू. दोष कॉइलबरोबर गेला तर कॉइल वाईट. जागेवरच राहिला तर जागा वाईट." पुढच्या फेरीत पी-०३०१ आला. दोष कॉइलबरोबर गेला होता.

तरी ते थांबले नाहीत. कॉइल का खराब झाली? तिसऱ्या प्लगच्या खळग्यात इंजिनचे तेल साचलेले होते. वरच्या झाकणाचे रबरी गॅस्केट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झाले होते. तेलाने कॉइलचे रबर सडले. नुसती कॉइल बदलली असती तर वर्षभरात नवीही गेली असती. गॅस्केट, प्लग आणि कॉइल बदलली, गिअरबॉक्सचे जुने तेल काढून योग्य प्रतीचे नवे भरले. एकूण खर्च पहिल्या अंदाजाच्या दहाव्या हिश्शाहून कमी आला. गिअरबॉक्स निर्दोष होता. एका सिलिंडरची ताकद कमी, म्हणून चालक पाय अधिक दाबतो, म्हणून गिअरबॉक्स पुन्हा पुन्हा खालचा गिअर टाकतो आणि तापतो. दुसऱ्याचे ओझे वाहणाऱ्यावरच आळ आला होता.

हे सर्व इतके विस्ताराने सांगण्याचे कारण, त्याच महिन्यात माझ्या टेबलावर एक प्रकरण होते. निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्यांची पेन्शन प्रकरणे रखडत होती. एक शिपाई निवृत्त होऊन कित्येक महिने झाले तरी नियमित पेन्शन सुरू नव्हती, आणि मुलीच्या लग्नासाठी त्याने सावकाराकडून पैसे उचलले होते. पेन्शन शाखेतील लिपिकावर केंद्रीय नागरी सेवा नियम १९६५ च्या नियम १६ खाली कारवाईचा प्रस्ताव आला होता. प्रस्ताव नेटका होता. विलंब किती दिवसांचा, हे लिहिले होते. विलंब कोठे झाला, हे नव्हते.

मी दोन गोष्टी मागवल्या. एक, प्रत्येक प्रकरण कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर होते. दोन, या लिपिकापूर्वी त्या खुर्चीवर कोण होते आणि तेव्हा काय स्थिती होती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बोलके होते. याआधीच्या दोघांनाही याच कारणासाठी तेथून हलवले होते, आणि आपापल्या नव्या शाखांत दोघांचे काम वेळेवर चालू होते. म्हणजे कॉइल दोनदा बदलून झाली होती आणि दोष जागेवरच राहिला होता. तो क्रमांक वाचायचे मात्र कोणाच्या मनात आले नव्हते.

तारखांनी उरलेले सांगितले. पेन्शन शाखेतच प्रकरणे तुंबत, पण ती सेवापुस्तकाच्या पडताळणीसाठी थांबलेली असत. अठरा वर्षांच्या सेवेनंतर आणि निवृत्तीच्या पाच वर्षे आधी अर्हताकारी सेवेची पडताळणी करून कर्मचाऱ्याला प्रमाणपत्र द्यावे, असा नियम आहे. जुन्या पेन्शन नियमांतही तो होता, २०२१ च्या नियमांतही आहे. आस्थापना शाखेत ते काम वर्षानुवर्षे झालेच नव्हते. त्यामुळे माणूस निवृत्त झाल्यावर त्याच्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या नेमणुकांच्या नोंदी परराज्यांतील कार्यालयांतून मागवाव्या लागत. हे आमचे कडक झालेले गॅस्केट! लिपिकावरचा प्रस्ताव मी परत पाठवला. पुढील पाच वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची यादी करून आस्थापना शाखेला पडताळणीचे वेळापत्रक लावून दिले. त्या शिपायाचे प्रकरण हाती घेऊन निकाली काढले. सावकाराचे व्याज मात्र त्याला कोणी परत दिले नाही, कारण तशी तरतूद कोठल्याही नियमात नाही.

स्वयंचलित गाडीतली आणखी एक व्यवस्था सांगण्याजोगी आहे. संगणकाला गंभीर दोषाचा संशय आला की तो गिअरबॉक्सला एकाच मधल्या गिअरमध्ये अडकवून ठेवतो. गाडी रडतखडत घरापर्यंत जाते, पण आतील नुकसान वाचते. चालकाला वाटते, गाडी आळशी झाली. वास्तविक ती स्वतःला जपत असते. चौकशी लागलेली कार्यालये अशीच चालतात. प्रत्येक फाईल वर जाते, प्रत्येक टिपणीवर 'कृपया चर्चा करावी' असे येते, कोणीही स्वतःच्या अधिकारात सही करीत नाही. अशा वेळी वेग वाढवण्याची परिपत्रके काढणे म्हणजे अडकलेल्या गिअरमध्ये पाय दाबत राहणे होय. ज्या भीतीने गिअर अडकला ती आधी शोधली पाहिजे.

आपल्याकडे बदली हे सर्व आजारांवरचे औषध झाले आहे. बदलीला माझा विरोध नाही, मी स्वतः तिच्यावरच वाढलो आहे. पण बदली ही तपासणी म्हणूनही वापरता येते. तशी वापरायची तर बदलीनंतर दोन्ही जागा पाहाव्या लागतील: माणूस गेला तिथे, आणि माणूस सोडून गेला तिथेही. सहा महिन्यांनी या दोन्ही जागांचा एका पानाचा अहवाल मागवणे कोणत्याही विभागप्रमुखाच्या अधिकारात आहे. त्यासाठी नवा कायदा नको, नवे पद नको, आर्थिक तरतूदही नको. आमच्या कार्यालयात तो अहवाल आता मागवला जातो. पहिल्या चार अहवालांपैकी तीनांत दोष खुर्चीतच राहिलेला आढळला.