उताराचे दुखणे

नव्याने सुरू केलेल्या जड व्यायामानंतर शरीरात जे दुखणे उमटते ते व्यायाम चालू असतानाच्या दमछाकीपेक्षा निराळे असते, आणि हा निराळेपणा त्याच्या येण्याजाण्याच्या वेळांतूनच दिसून येतो. दम काही मिनिटांत ओसरतो आणि स्नायूंमधली जळजळही विश्रांती घेताच निवते. हे दुखणे मात्र त्या दिवशी फारसे जाणवत नाही, १२ ते २४ तासांनी हळूहळू जागे होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पराकोटीला पोहोचते आणि बहुधा आठवडाभरात निघून जाते. शरीरक्रियाशास्त्रात त्याला विलंबित स्नायुवेदना म्हणतात. तालमीत आणि शेतात ‘अंग धरले’, ‘मांड्या भरल्या’ एवढे म्हटले तरी पुरते. माणसाच्या आयुष्यात ते वारंवार येते, कारण शरीराकडे अनोळखी काम मागण्याचे प्रसंग कोणत्याही वयात संपत नाहीत. परंतु प्रत्येक वेळी ते श्रमाचे माप मानले जाते. वास्तविक किती श्रम झाले यापेक्षा ते श्रम शरीराला किती अपरिचित होते, हेच त्यातून अधिक कळते.

बालपणी या दुखण्याची ओळख पुसटच असते, कारण तारुण्यात न आलेल्या मुलांमध्ये त्याच प्रकारच्या व्यायामानंतर वेदना आणि स्नायूंची हानी दोन्ही प्रौढांपेक्षा कमी आढळतात. त्याची खरी गाठ पडते ती किशोरवयात. कोल्हापूरच्या गंगावेश किंवा मोतीबागसारख्या तालमीत नव्याने दाखल झालेल्या मुलाला आधी जोर आणि बैठका कराव्या लागतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणातून उठताना त्याच्या मांड्या, छाती व दंड त्याला साथ देत नाहीत. या दुखण्याचे कारण बैठकीच्या रचनेत आहे. बैठकीत खाली जाताना मांडीचा पुढचा स्नायू सैल पडत नाही. शरीराचा भार सावरत, म्हणजे जोर लावत असतानाच, तो लांबत जातो. स्नायूने आखडण्याचा प्रयत्न करावा आणि भाराने त्याला ताणावे, अशा या क्रियेला लांबते आकुंचन म्हणता येईल. वर उठताना तोच स्नायू आखूड होत काम करतो, दमही तेव्हाच जास्त लागतो, पण दुसऱ्या दिवशीच्या वेदनेचा मोठा वाटा खाली जाण्याच्या क्रियेचा असतो.

हे ध्यानात यायला विज्ञानालाही बराच काळ लागला. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच थकव्याची वेदना आणि काही तासांनी उमटणारी वेदना यांत फरक केला होता आणि दुसरीचे कारण स्नायूच्या आतील बारीक फाटण्यात असावे असे सुचवले होते. तथापि १९२२ चे नोबेल पारितोषिक आर्किबाल्ड हिल आणि ओटो मायरहोफ यांना स्नायूंतील उष्णता व लॅक्टिक आम्ल यांसंबंधीच्या कार्यासाठी मिळाले, आणि पुढे स्नायूंच्या प्रत्येक तक्रारीचा दोष या आम्लावर टाकण्याची सवय लोकांत रुजली. व्यायामशाळांमधून ‘आम्ल साचले आहे’ हे वाक्य आजही ऐकू येते. प्रत्यक्षात श्रमाने रक्तात वाढलेले लॅक्टेट व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात पूर्वपातळीवर येते. दुसऱ्या दिवशी दुखण्यासाठी ते उरलेलेच नसते. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही माणसांना सपाट पट्ट्यावर आणि उताराच्या पट्ट्यावर पळवले गेले, तेव्हा सपाटीवर लॅक्टेट वाढले पण नंतर अंग दुखले नाही, आणि उतारावर लॅक्टेट वाढले नाही तरी अंग दुखले.

स्नायूचा प्रत्येक तंतू असंख्य सूक्ष्म खंडांचा बनलेला असतो, आणि या खंडांत अॅक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांवर सरकून आकुंचन घडवतात. ताणाखाली लांबताना काही दुबळे खंड प्रमाणाबाहेर ओढले जातात, त्यांच्या सीमारेषा विस्कटतात आणि तंतूच्या आवरणालाही इजा होऊ शकते. १९८० च्या दशकात स्वीडनमधील संशोधकांनी माणसांच्या स्नायूंचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ही विस्कट दाखवून दिली. त्यानंतर तेथे दाह सुरू होतो, म्हणजे रक्तातील संरक्षक पेशी आणि रसायने त्या जागी येतात, आणि एरवी शांत असणारी मज्जातंतूंची टोके साध्या दाबालाही वेदना म्हणून कळवू लागतात. पुढे जपानमधील संशोधकांना उंदरांवरील अभ्यासात असेही आढळले की स्नायूत लक्षणीय मोडतोड नसतानाही अशी हळवी अवस्था निर्माण होऊ शकते. त्यामुळे जास्त दुखले म्हणजे जास्त कमावले, हा समज टिकत नाही.

तारुण्यात हे सत्य डोंगर शिकवतो. पायांना सवय नसलेला तरुण सिंहगड चढताना धापा टाकतो आणि उतरताना हसतखेळत येतो, पण दोन दिवसांनी जिना चढणे त्याला जमते आणि उतरणेच नकोसे होते, कारण गडावरून खाली येताना प्रत्येक पावलाला मांडीने शरीराचा भार लांबत लांबत झेललेला असतो. मावळात किंवा कोकणात भातलावणी करणाऱ्या बाईच्या वाट्याला हेच दुखणे दुसऱ्या वाटेने येते. कमरेत वाकून राहिल्याने पाठीचे आणि मांडीच्या मागचे स्नायू ताणलेल्या स्थितीतच तासन्‌तास भार धरतात. व्यायामशाळेत जाणाऱ्याला एक दिवस थांबण्याची मुभा असते, पण पाऊस थांबत नाही म्हणून तिला ठणकत्या पाठीने पुन्हा चिखलात उभे राहावे लागते. वेदनेबद्दलच्या एवढ्या शास्त्रीय चर्चेत या शरीराचा विचार फार थोडा झाला आहे, आणि ही उणीव दूर होणे अत्यावश्यक आहे.

सुदैवाने स्नायू शिकतो, आणि त्याचे शिकणे थक्क करणारे आहे. एकदा असे दुखणे सोसलेल्या स्नायूला तेच काम पुन्हा दिले तर दुसऱ्या खेपेस वेदना पुष्कळच कमी होते, आणि हे संरक्षण कित्येक आठवडे, काही वेळा महिनोन्‌महिने टिकते. ते मिळवण्यासाठी पहिल्या खेपेस अंग मोडून घेण्याची गरज नसते, हे विशेष महत्त्वाचे. हलक्या, थोड्या लांबत्या आकुंचनांनीही स्नायू बराचसा सावध होतो. नव्या पठ्ठ्याला थोड्या बैठका देऊन रोज त्यात भर घालण्याच्या तालमीच्या शिस्तीत हे ज्ञान पूर्वीपासून होते. सुश्रुताने आणि वाग्भटाने व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असे सांगितले, आणि सुश्रुताने त्या अर्ध्या शक्तीची खूण श्वासावरून ठरवली. हा उपदेश मोलाचा असला तरी लांबत्या आकुंचनासाठी ही खूण अपुरी पडते, कारण उतारावर दम लागत नाही आणि थांबण्याची सूचना वेळेवर मिळत नाही. तेथे श्वासापेक्षा संख्या मोजणेच अधिक विश्वसनीय ठरते.

मध्यम वयात हा प्रश्न गंभीर होतो. अनेक वर्षे बैठ्या कामात गेल्यावर, साखर किंवा रक्तदाब वाढल्याचे कळताच माणूस व्यायामशाळेत नाव घालतो आणि मनात जपलेल्या विशीतल्या शरीराच्या हिशेबाने वजने उचलतो. पुढच्या दिवसांत त्याला जे उपाय सुचवले जातात त्यांची किंमत सारखी नाही. अंग ताणण्याने हे दुखणे जवळजवळ कमी होत नाही, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले आहे. मालिशने थोडा आराम पडतो, आणि व्यायामानंतर सर्वांगाचे मर्दन सांगणाऱ्या वाग्भटाशी हे जुळणारे आहे. हलके चालणे तेवढ्यापुरते बरे वाटायला लावते. गार पाण्यात बसल्याने वेदना काहीशी उतरते. वेदनाशामक गोळ्या घेऊन त्याच स्नायूंवर पुन्हा तितकाच भार टाकणे मात्र धोक्याचे आहे. वेदना असह्य असेल, स्नायू फार सुजला असेल आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होत असेल, तर स्नायूपेशी मोठ्या प्रमाणात फुटून त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरलेले असू शकते. १९४१ मध्ये लंडनवरील बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली दबलेल्या माणसांची मूत्रपिंडे कशी निकामी होतात याचे वर्णन एरिक बायवॉटर्स यांनी केले होते, आणि अतिरेकी व्यायामानेही मूत्रपिंडांवर तेच संकट येऊ शकते. अशा वेळी घरगुती उपायांत एक तासही न घालवता रुग्णालय गाठले पाहिजे.

वार्धक्यात दुरुस्ती मंदावते, स्नायू विरळ होतात आणि पडण्याची भीती वाढते, म्हणून पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांना श्रमापासून दूरच ठेवले जाते. ही माया त्यांच्या पायांतले बळ आणखी घटवते. १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडण्यात आल्या आणि एकाने पॅडल फिरवायचे व दुसऱ्याने ते रोखायचे असा प्रयोग झाला, तेव्हा रोखणाऱ्याला कितीतरी कमी प्राणवायू लागला. स्नायूला पीडणारे हेच लांबते आकुंचन हृदयाला आणि फुप्फुसांना सर्वांत स्वस्त पडते. त्यामुळे दम पुरत नसलेल्या वृद्धालाही खुर्चीत एकदम न बसता सावकाश टेकणे, किंवा कठड्याचा आधार घेऊन काही पायऱ्या संथपणे उतरणे, हा पेलण्याजोगा व्यायाम होऊ शकतो. पहिल्या काही दिवसांत मांड्या थोड्या भरून येतील, तेव्हा आरंभी संख्या अगदी मोजकी आणि दोन दिवसांतले अंतर तरुणांपेक्षा जास्त ठेवावे लागते. मात्र पुढच्या खेपेस कमी दुखण्याचे ते संरक्षण, काहीशा उण्या प्रमाणात का होईना, वृद्ध स्नायूतही निर्माण होते.