बंद पडलेल्या संगणकांची शुश्रूषा

यंत्र चालत असते तोवर त्याचा कोणी विचार करीत नाही. ते अडले म्हणजे मात्र भोवती जमलेला प्रत्येक मनुष्य वैद्य होतो. एक म्हणतो तार सैल आहे, दुसरा म्हणतो विषाणू शिरला, तिसरा पाठीवर थाप मारून पाहतो. बिघाड शोधणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि तिला चातुर्यापेक्षा धीर अधिक लागतो, असे आमचे अनुभवान्ती मत झाले आहे. तो अनुभव आमच्या विद्यार्थिमित्रांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे सादर करीत आहोत.

रत्नागिरी शहराला लागून मिरजोळे हे गाव आहे. येथील औद्योगिक वसाहतीमुळे त्याचे नाव दूरवर माहीत झाले असले, तरी आतल्या वाडीत अद्याप आंब्याकाजूच्या सावलीतच दिवस उगवतो. आमचे बिऱ्हाड येथेच आहे. मुलांना सायंकाळी अभ्यासास बसता यावे म्हणून वाडीतील काही गृहस्थांनी एक खोली राखून ठेवली आहे. एका कारखान्याने आपले आठ जुने संगणक ह्या अभ्यासिकेस दिले. देण्यापूर्वी कारखान्याने आपली माहिती पुसून टाकली होती, व ते योग्यच होते. परंतु त्यामुळे संगणक चालविणारी मूळ प्रणाली, जिला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो, तीही त्यांत उरली नव्हती. कळ दाबली की काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटे, आणि पुढे काही नाही.

पूर्वी त्यांवर विंडोज १० होती. तिचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ नवीन प्रोसेसर व टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय मागते. ह्या जुन्या यंत्रांत ती कोठून असणार? खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींनी सांगितले की, जानेवारीअखेर यंत्रे चालू झाली नाहीत तर ती भंगारवाल्यास देऊन जागा मोकळी करावी लागेल. त्यांचे म्हणणे वाजवी होते. परंतु ह्या वाडीतील कित्येक मुलांनी संगणक केवळ शाळेच्या तासाला, तोही तिघांत एक, असा पाहिलेला आहे. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका माउलीची नववीतील मुलगी तर रोज येऊन, धूळ पुसून, बंद पडद्यासमोर कळफलकावर बोटे चालवून पाही. नाताळची सुटी आम्ही ह्या कामी लावण्याचे ठरविले, ते बहुतांशी तिच्याकडे पाहून.

विनामूल्य व कायदेशीर अशा प्रणाली आज पुष्कळ आहेत. पुण्यास १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ नावाची भारतीय प्रणाली काढली असून तीत मराठीची सोय आहे. उबुंटूची मंडळी तर २००५ पासून २०११ पर्यंत मागेल त्याला टपालाने सीडी फुकट पाठवीत असत. तेव्हा संपूर्ण प्रणाली ७०० एमबीच्या एका सीडीत मावे. आज उबुंटूची २४.०४ ही आवृत्ती साडेपाच जीबीहून अधिक भरते, ती ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीवरदेखील बसत नाही. आम्ही लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई नावाची आवृत्ती निवडली. ती सुमारे तीन जीबीची असते.

पहिली अडचण निवडीतच आली. आठांपैकी दोन यंत्रे ३२ बिटांची निघाली, आणि ६४ बिटांची प्रणाली तेथे पाऊलही टाकीत नाही. डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटी संगणकांसाठी स्थापनेची सोय काढून टाकली. बाराव्या आवृत्तीत ती होती. सबब त्या दोघांसाठी बारावी घ्यावी लागली. रोग्याचे वय विचारल्यावाचून औषध देऊ नये, तसेच हे आहे.

दुसरी अडचण प्रणाली उतरवून घेण्याची. हिशेब सोपा आहे. सेकंदास चार मेगाबिटांचा वेग अखंड मिळाला, तर तीन जीबीस एक तास चाळीस मिनिटे लागतात. वेग निम्मा झाला की तीन तास वीस मिनिटे. आमच्याकडे एवढा वेळ जोडणी व वीज दोन्ही एकत्र नांदतील तर तो भाग्याचाच दिवस. अशा ठिकाणी टॉरेंटची रीत चांगली. तीत संचिका लहान लहान तुकड्यांनी येते, प्रत्येक तुकडा तपासूनच स्वीकारला जातो, आणि जोडणी तुटली तर राहिलेल्या तुकड्यांपासून काम पुढे चालते. ह्या रीतीचा दुरुपयोग पुष्कळ होतो म्हणून रीतच वाईट ठरत नाही.

दहावीतील एका उत्साही मुलाने मात्र साध्या रीतीने संचिका उतरवून आणली. तिच्यावरून तयार केलेला पेनड्राइव्ह अर्ध्यावर अडला. “सर, हे यंत्रच खराब आहे,” असे त्याने निदान केले. दुसऱ्या यंत्रावरही तसेच झाले, तेव्हा तेही खराब ठरले. ह्या हिशेबाने सायंकाळपर्यंत आठही यंत्रे खराब ठरली असती! तेव्हा नववीतील ती मुलगी हळूच म्हणाली, “सर, आधी संचिकाच नीट आली आहे का, ते पाहू या का?”

प्रश्न अगदी मर्मावर होता. प्रत्येक प्रणालीसोबत तिचे कर्ते एक पडताळा-अंक प्रसिद्ध करतात. शा-२५६ ह्या पद्धतीने काढलेला हा अंक चौसष्ट चिन्हांचा असतो. तीन जीबीच्या संचिकेत एक बिट जरी बदलला तरी अंक ओळखू येणार नाही इतका पालटतो. विंडोजमधील ‘सर्टयूटिल’ ह्या आज्ञेने तो आपल्याकडील संचिकेवरून काढता येतो. वाण्याच्या यादीखालची बेरीज जुळली नाही तर आपण एकेक रक्कम पुन्हा पाहतो. त्यातलाच हा प्रकार, फक्त फार काटेकोर. त्या मुलीने प्रसिद्ध झालेला अंक वाचला, मुलाने आपला वाचला, आणि तिसऱ्याच चिन्हाशी दोघे थांबले. संचिका वाटेतच तुटली होती. यंत्रांवरील आळ दूर झाला.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी ह्याच लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात चोरट्यांनी शिरून एका आवृत्तीचा दुवा बदलला व लोकांच्या हाती चोरवाट असलेली प्रणाली दिली. ज्या दारातून माल आला त्याच दारातून आलेली पावती पुरेशी नव्हे. यास्तव कर्ते पडताळा-अंकांवर आपली सांकेतिक सहीही करतात. ती तपासावी हे उत्तम. रस्त्यावर विकत मिळणाऱ्या, ‘सर्व काही आत आहे’ अशा चकत्या कधीही घेऊ नयेत, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

तिसरी अडचण चकतीची. दोन जुनी यंत्रे पेनड्राइव्हवरून सुरू होण्यास तयार नव्हती, म्हणून शहरातील एका दुकानातून डीव्हीडी करून आणविली. ती लावली तर काहीच घडेना. उघडून पाहता तीत एकच मोठी संचिका होती. मर्म असे की, आयएसओ संचिका ही चकतीची प्रतिमा असते. ती चकतीवर नुसती ठेवायची नसून तिच्यावरून चकती घडवायची असते. ट्रंकेत घराचा नकाशा ठेवला म्हणून ट्रंकेचे घर होत नाही. चकती उघडल्यावर अनेक कप्पे दिसले तर ती बरोबर. एकच संचिका दिसली तर चुकीची. आम्ही दुसरी चकती मंद वेगाने लिहून, लिहिल्यावर तपासून घेतली. कोकणच्या दमट हवेत चकत्या व त्या वाचणारे भिंग दोन्ही लवकर बिघडतात, हेही ध्यानात ठेवावे. पेनड्राइव्हचे निराळे दुखणे असते: काही स्वस्त पेनड्राइव्ह वेष्टनावर लिहिलेल्या मापाचे नसतातच, आणि पोट भरले की पुढचे लिखाण गुपचूप हरवतात.

चौथी अडचण आरंभाची. वीज मिळाल्यावर संगणक प्रथम स्वतःची तपासणी करतो आणि मग ठराविक क्रमाने विचारतो: प्रणाली कोणापाशी आहे? जुनी यंत्रे चकतीचे पहिले ५१२ बाइट वाचून त्यांच्या शेवटी ठरलेली खूण आहे की नाही ते पाहतात. नवी यंत्रे ठराविक कप्प्यात ठराविक नावाची संचिका शोधतात. पेनड्राइव्ह एका रीतीने बनविला आणि यंत्र दुसऱ्या रीतीने शोधू लागले, तर दोघेही निर्दोष असून भेट होत नाही. आमच्या एका यंत्रात तर हा क्रम रोज लावावा आणि रोज पुसला जावा असे चाले. त्याचे घड्याळही बरीच वर्षे मागे जाई, आणि त्यामुळे सुरक्षित संकेतस्थळे त्याला दाराशी उभे करीत नसत. आतील बटणाएवढी सीआर२०३२ बॅटरी बदलताच दोन्ही व्याधी एकदम बऱ्या झाल्या.

शेवटी एक यंत्र उरले. संचिका खरी, पेनड्राइव्ह खरा, क्रम खरा. तरी दर वेळी निराळ्या जागी ते कोलमडे. दोष एकाच जागी येत असेल तर साहित्य तपासावे, जागा बदलत असेल तर स्मृती तपासावी. मेमटेस्ट नावाचा कार्यक्रम रात्रभर चालविला, तेव्हा दोनांपैकी एक स्मृतिपट्टी दूषित आढळली. ती काढून टाकली. यंत्र आता मंद चालते, पण चालते.

हे सर्व होईतो जानेवारीचा तिसरा आठवडा उजाडला. आठांपैकी सात संगणक चालू झाले. ३२ बिटांचा एक मात्र मदरबोर्डच जळालेला असल्यामुळे वाचला नाही, व त्याचा पंखा तेवढा दुसऱ्यास उपयोगी पडला. व्यवस्थापक मंडळी येऊन पाहून गेली आणि खोली अभ्यासिकेकडेच राहिली. त्या मुलीने पहिल्या दिवशी मराठीत आपले पूर्ण नाव, आईचे नाव व गावाचे नाव टंकिले, आणि मग बराच वेळ दुसरे काही टंकिले नाही.

आम्हांस मुलांपाशी आग्रहाने सांगावयाचे आहे ते एवढेच. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर यंत्र सुरू झाले तरी ज्ञान मिळत नाही. आरंभाच्या टोकापासून निघावे, कारण दोष पुष्कळदा उगमाशी असतो आणि आळ मात्र शेवटच्यावर येतो. कोणासही खराब ठरविण्यापूर्वी त्याच्या हाती दिलेले साहित्य खरे होते काय, हे पाहावे. वर्गात मागे पडलेल्या मुलाविषयी बोलतानाही आम्हांस हा नियम अलीकडे वारंवार आठवतो.

अभ्यासिकेत आता एक वही ठेविली आहे. तारीख, यंत्राचा क्रमांक, काय दिसले, काय बदलले व काय झाले, अशी पाच घरे तीत आखलेली आहेत. ती मुलांनीच भरावयाची आहेत. ह्या लेखाच्या वेळेपर्यंत तिची अकरा पाने झाली असून, त्यांपैकी सात पानांचे अक्षर त्या नववीतील मुलीचे आहे.